कुत्रं मेलं की विष मेलं

माझ्या सायकलीच्या रस्त्यावर रोज काहीतरी मरतं. आमचं खेडं कुरुंद्याच्या अलीकडं आणि काम वसमतच्या पार पलीकडच्या टोकाला, हळदीच्या गोदामात. जाताना सव्वा तास, येताना दीड, कारण येताना पाय भरून येतात. तिथं मी पोत्यांची तोंडं शिवतो. चौथीतून शाळा सुटली, तेव्हापासून कोणाचं ना कोणाचं पोतं शिवत आलोय.

सकाळी सडकेला लागलो की आधी चिरडलेलं बघायचं. कधी साप, कधी मुंगूस, एकदा कोल्ह्याचं पिल्लू. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी ठणाणा लावून येतात, आणि मागची ट्रॉली कुठं झोल खाते हे चालवणाऱ्याला माहीत नसतं. सायकलवाल्यानं आपणहून खड्ड्यात उतरायचं. उसाच्या बैलगाड्याही असतात. एकदा चढाला एक बैल गुडघ्यावर बसला. गाडीवाल्यानं पराणी टोचली, मग शेपूट पिरगाळलं, मग दातांनी चावलं. बैल उठला. गाडीवाला थुंकला आणि शिव्या देत गाडीवर चढला.

वसमतमध्ये शिरलो की माणसांचं सुरू. स्टँडावर कंडक्टर आणि पॅसेंजर एकमेकांची गचांडी धरून. मोंढ्यात हमालांची भांडणं. एका हमालानं दुसऱ्याच्या तळहातात पोती उचलायचा आकडा घातलेला मी डोळ्यानं बघितला; आकडा काढताना तो आकडावालाच जास्त रडत होता. आणि मधे चौकात ते कोंबडीचं दुकान. कोंबडी कापून निळ्या ड्रमात टाकतात. आतून धडधड आवाज येतो. मग थांबतो. मग दुसरी टाकतात.

हे सगळं मी तीसेक वर्षं बघितलं, पण एकट्यानं नाही. मागं कॅरेजवर बायको असायची. ती त्याच गोदामात हळद निवडायला यायची, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. एका अंगाला पाय सोडून बसायची, माझा सदरा मुठीत धरायची आणि मी मारामारी बघायला मान वळवली की मागून टोचायची, "अवो, म्होरं बघा. त्यांचं डोकं फुटंल तवा फुटंल, आपलं आधी फुटंल."

मी तिला तरुणपणी मारलं आहे. लपवत नाही. तिनंही एकदा फुंकणीनं माझं मनगट असं शेकलं की आठ दिवस सुतळी ओढता आली नाही. त्यानंतर मी हात उचलला नाही. शहाणपण आलं असं नाही, भीती बसली.

कोंबडीच्या दुकानामागं नाली आहे. आतडी, पिसं सगळं त्या नालीत. त्यावर दहा-बारा कुत्री पोसलेली. चैत्रातली गोष्ट, हळदीचा मोसम जोरात होता. आम्ही त्या चौकातून चाललो होतो आणि नालीतून एक तांबडं कुत्रं आलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. सरळ तिची पोटरी धरली. सायकल आडवी झाली, आम्ही दोघं खाली. कुत्रं सोडेना. मी सायकलीचा पंप काढून त्याच्या टाळक्यात घातला, तेव्हा सुटलं. सुटून नीट पळालंही नाही, झिंगल्यावानी गोल फिरत राहिलं. कोणीतरी माझ्या हातात बांबू दिला. मी मारलं. पाठ मोडली तरी मारलं. पाय झाडायचे थांबले तरी मारलं. त्याच्या तोंडाला फेस होता. तो आधीपासून होता का माझ्या मारानं आला, मला सांगता येणार नाही.

लोक खूश. कोंबडीवाला हातातली सुरी तशीच धरून बाहेर आला. "क्या चाचा, एकदम खलास कर डाले!" भेळेच्या गाड्यावाल्यानं मूठभर तिखट दिलं. मी माझ्या हातानं तिच्या जखमेत भरलं. ती अशी किंचाळली की चौकातली माणसं मागं सरली.

"वरडू द्या," भेळवाला म्हणाला. "आग झाली म्हणजे गुण येऊन राहिला."

आमच्याकडं मोठी माणसं सांगून गेलीत. ज्या कुत्र्यानं चावलं ते मारायचं, जखमेत तिखट भरायचं, आणि सात विहिरींत तोंड बघायचं. कुत्रं मेलं की विष मेलं.

गोदामात मुनिमानं तिची पोटरी बघितली. म्हणाला, "काका, सरकारी दवाखान्यात न्या. फुकट असतं."

ती उसळली. "बेंबीत चौदा सुया! माझ्या चुलत्याला दिल्या व्हत्या. पोट टरबुजावानी झालं व्हतं त्याचं. म्या न्हाई जायची."

"आता तसं नसतं, मावशी."

"तुला चावलं का? मंग गप ऱ्हा."

मला जोर करता आला असता. सगळं आयुष्य मी सगळ्यांवर जोरच केला. नेमका त्या दिवशी केला नाही. उलट मुनिमाला म्हणालो, "कुत्रं म्या जाग्यावर मारलंय." छाती काढून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरी हुडकत फिरलो. चैत्रात पाणी असलेल्या सात विहिरी म्हणजे सोपं काम नाही. निम्म्या आटलेल्या, काहींवर जाळ्या, एकीत मेलेलं कबूतर. दोन दिवस लागले. मी सायकल उभी करायचो, ती काठावर ओणवी व्हायची, मी तिचा पदर धरून ठेवायचो.

"दिसलं का तोंड?"

"दिसलं. कोणतरी म्हातारी दिसून राहिली."

सातव्या विहिरीपाशी तिला हसू आवरेना. एवढ्या वर्षांत मी तिला कामाशिवाय कुठं फिरवलं नव्हतं. म्हणाली, "कुत्रं चावलं तवा कुठं धन्याला सवड झाली." मी पण हसलो. तिकडून येताना तिनं कॅरेजवर बसून एक काकडी खाल्ली आणि अर्धी मला मागून पुढं दिली. मला वाटलं, झालं. टळलं.

दीड महिन्यानं तिची पोटरी वळवळायला लागली. जखम तर कधीच भरली होती. म्हणाली, आत मुंग्या चालून राहिल्यात. दोन दिवसांनी सकाळी तांब्या तोंडाला लावला आणि गळा आवळल्यावानी फेकून दिला. तहान तर लागलेली. पुन्हा घेतला, पुन्हा फेकला. पंख्याचा वारा लागला तरी मान ताठ व्हायची, डोळे बाहेर यायचे. तिसऱ्या वेळेला तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की तिला कळलंय.

आधी वसमत, तिथून नांदेड. जीपमध्ये तिला चऱ्हाटानं बांधावं लागलं. मी बांधलं. गाठ मला चांगली मारता येते. ती मला शिव्या देत होती, आणि मधेच शुद्धीवर येऊन म्हणत होती, "माझ्या तोंडाजवळ हात नेऊ नका. लाळ लागंल." दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत ठेवलं. एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "कुत्रं कुठंय?"

"मारलं."

"मारलं कशाला? बांधून दहा दिवस बघायचं असतं. जखम पाव तास साबणानं धुतली होती?"

"तिखट भरलं."

तिनं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, त्याच दिवशी साबणानं धुऊन इंजेक्शन घेतलं असतं तर त्या आज कामावर असत्या. आता माझ्या हातात काही नाही."

तिसऱ्या दिवशी ती गेली. शेवटी काय काय झालं ते मी लिहिणार नाही. खाटेची एक पट्टी मोडली एवढं सांगतो.

घरी आणल्यावर बायका जमल्या. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून हिरवं लुगडं, मळवट, हळदीनं तोंड पिवळं केलं. एक नात्यातली बाई म्हणाली, "भाग्याची हो. अहेव गेली. सोनं झालं." मी हळद-कुंकवाचं ताट लाथेनं उडवलं. ते त्या बाईच्या कपाळाला लागलं, रक्त आलं. लोकांनी मला धरलं, म्हणाले दुःखानं डोकं फिरलंय. डोकं ठिकाणावर होतं. ज्या बाईला बांधून मारलं तिला भाग्याची म्हणताना जीभ कशी झडली नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो. सायकलीच्या दांडीला बाभळीचा सोटा बांधला, टोकाला लोखंडी कडं. आणि रस्त्यात दिसेल ते कुत्रं हाणायला लागलो. कारण डॉक्टरीण जे बोलली ते ऐकून घेणं मला जमत नव्हतं, आणि कुत्री समोर होती. काही मेली. काही लंगडी झाली. मला बरं वाटायचं. घटकाभर. गोदामात पोहोचेपर्यंत ते बरं वाटणं संपलेलं असायचं. एका पोरीनं मला मोबाईलात धरलं, म्हणाली कंप्लेंट करते. मी म्हणालो, कर. चौकातली माणसं मात्र मला मान द्यायला लागली. "मामा, तिकडं एक हाये बगा," असं लांबून दाखवायची. हमालांची आकड्यानं भांडणं, ट्रॅक्टर, बैल, मी काहीच बघेना झालो. नजर खाली, सोटा हाताशी.

पुढच्या साली मिरगाच्या आसपास त्याच चौकात दुसऱ्या एका बाईला कुत्रं चावलं.

ती तिथं भाजी विकायची, पोत्यावर वांगी, भेंडी मांडून. तिशीतली असेल. नवरा ऑटो चालवायचा. मी कामावर चाललो होतो. काळं-पांढरं कुत्रं तिच्या पोत्यावरून उडी मारून आलं आणि तिच्या मनगटाच्या वर दात रुतवून पळालं. वांगी रस्त्यावर. ती हात धरून बसली होती.

सगळे माझ्याकडं वळले. "मामा! त्ये बगा, नालीकडं गेलं! हाना!"

मी सोटा सोडवला आणि धावलोही. खरं सांगतो, चार-पाच पावलं धावलो. कुत्रं नालीच्या कडेला उभं होतं, माझ्याकडं बघत, माराच्या टप्प्यात. मागून भेळवाल्याचा आवाज आला, "हात धरा तिचा, तिखट आनलंय." तोच आवाज. मी वळलो. भेळवाला मूठ भरून वाकला होता. मी सोटा त्याच्या मनगटावर घातला. तिखट हवेत उडालं, त्याच्या डोळ्यात गेलं, माझ्याही गेलं.

"अरे याड लागलं का म्हाताऱ्या!" तो बोंबलला.

"तिखट भरशील तर हात मोडीन. साबण आना कोणतरी!"

कोणी हलेना. मी त्या बाईचा चांगला हात धरून तिला ओढत शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात नेलं. ती पाय रोवत होती, मी ओढत होतो. नळाखाली तिचा हात धरला आणि दाढीचा साबण घासायला लागलो. ती किंचाळली, मला लाथा मारल्या. न्हावी म्हणाला, "मामा, सोडा तिला, लोक काय म्हनतील." मी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "मोठा काटा तीन घरं म्होरं जाईस्तोर सोडणार न्हाई."

दुसरं घर संपलं असेल तेव्हा तिचा नवरा आला. त्याला बाहेर कोणी काय सांगितलं कोण जाणे. त्यानं बघितलं ते एवढंच, की एक म्हातारा त्याच्या बायकोला नळापाशी दाबून धरतोय. त्यानं मागून माझी मान धरून मला आरशावर आपटलं. आरसा फुटला. मग बुक्क्या. माझे पुढचे दोन दात तिथंच पडले. मी खाली पडल्या पडल्या सोट्यानं त्याच्या गुडघ्यावर मारलं, तोही बसला. न्हावी वस्तरा हातात घेऊन ओरडत होता की माझ्या दुकानात खून करू नका.

भांडण तिनंच तोडलं. ओल्या हातानं नवऱ्याच्या थोबाडीत दिली. "थांब ना! मला कुत्रं चावलंय, आन् तू मामाला कोंबडीवानी काहून मारून राहिला?"

"हा तुझा हात धरून..."

"हात धुऊन राहिला माझा!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मामा, खरं सांगा. मामी कशानं गेली?"

मी तोंडातलं रक्त थुंकलो. दाराशी अख्खा चौक उभा होता. ज्यांनी मला बांबू दिला होता ते, भेळवाला डोळे चोळत, कोंबडीवाला. मी सांगितलं. तांब्या सांगितला, चऱ्हाट सांगितलं, लाळेचं सांगितलं. दात पडल्यामुळं शब्द नीट येत नव्हते, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

नवरा म्हणाला, "पण सात विहिरी..."

"केल्या," मी म्हणालो. "सातही केल्या. सातवीपाशी हसली."

ती उठली आणि जाऊन ऑटोत बसली. "चालू कर," नवऱ्याला म्हणाली. तो लंगडत पुढं बसला. मी सायकल घेऊन मागं. म्हातारा माणूस ऑटोच्या मागं जेवढा दामटेल तेवढी दामटली.

सरकारी दवाखान्यात चिठ्ठी काढली, बाकड्यावर बसलो. नर्सनं जखमेच्या भोवती सुई टोचली, तेव्हा ती ओरडली. मग दंडात एक. ती दुसरीकडं बघत होती, तिला कळलंही नाही. नर्सनं कापूस दाबला आणि म्हणाली, "झालं."

मी म्हणालो, "झालं?"

"झालं. एकूण पाच. तारखा लिहून देते."

"बेंबीत?"

"बेंबीत कशाला, बाबा? दंडातच."

मी बाहेर आलो आणि पायातली चप्पल काढून स्वतःच्या तोंडावर मारली. किती वेळा मारली माहीत नाही. शिपायानं माझा हात धरला. एवढीशी सुई. काटा मोडतो तेवढी. तेवढ्यासाठी मी तिला चऱ्हाटानं बांधलं.

दुसऱ्या सुईच्या दिवशी मी सकाळीच त्यांच्या घरापुढं जाऊन उभा राहिलो. नवरा दारात दात घासत होता. म्हणाला, "काहून तकलीफ घेता? बरी हाये ती. एक घेतली ना."

"माझी पन बरी व्हती. दीड महिना बरी व्हती."

त्यानं चूळ भरली, माझ्या पडलेल्या दातांकडं बघितलं आणि ऑटोची किल्ली आणायला आत गेला. तिसरीला तो आपणहून निघाला. चौथीला मी उशिरा पोहोचलो तर दोघं जाऊन आले होते. कुत्र्यांचं म्हणाल तर मी लगेच सुधारलो नाही. मधल्या दिवसांत दोन हाणली. पण ते काळं-पांढरं मी मारलं नाही. दहा दिवस रोज नालीपाशी सायकल थांबवून ते खातंय का, पाणी पितंय का, बघत राहिलो. ते जगलं. म्हणजे ते पिसाळलेलं नव्हतं. दहावा दिवस उलटल्यावर मी भाजीवाल्या बाईला हे सांगितलं, तर नवरा म्हणाला, "मंग उरलेल्या सुया फुकटच की." ती म्हणाली, "फुकटच तर देऊन राहिलेत."

पाचवीला तिघंही गेलो. नर्स तीच होती. कागद बघून तिनं शेवटच्या तारखेवर खूण केली, सुई दिली, आणि माझ्याकडं बोट केलं. "हे दरवेळेस येतात, दारात उभे राहतात. तुझे कोण?"

नवरा काहीतरी बोलायला गेला. त्याच्या आधी तीच म्हणाली, "कोनी न्हाई. यांची बायको कुत्रं चावून मेली."

"कुत्रं चावून न्हाई मेली," मी म्हणालो. "म्या हितं आनली न्हाई म्हणून मेली."

हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो. नर्सनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं. मागं रांगेत एक माणूस पाय धरून उभा होता, धोतराला रक्त.

"बाजूला व्हा, बाबा," ती म्हणाली. "यांना आत येऊ द्या."

मी बाजूला झालो.